स्वच्छ चांदी

आशाच्या पडवीत, खिडकीखाली, कोळशाची एक चौकोनी ठोकळी ठेवली होती आणि तिच्यावर एक कडं उमटलं होतं. मधोमध बोटाच्या टोकाएवढा खळगा. खळग्याभोवती अर्धा इंच कोळसा कोरा. त्यापलीकडे बारीक भुकटीचा थर: आतल्या अंगाला तांबूस तपकिरी, बाहेर जाता जाता पिवळा, आणि अगदी काठाला मोरपिसासारखी पुसट झाक. कडं उजवीकडे जास्त पसरलं होतं. म्हणजे फुंकणारं माणूस डावीकडे बसत असणार.

मनीषा हातातला कोरा चहा न पिता ते पाहत राहिली.

"काय बघता मॅडम?" आशाने विचारलं.

"काही नाही. ठोकळी छान कापलीय. कुणाची?"

"बुधाकाकाची. तो मेल्यावर त्याच्या बायकोनं, सावित्रीआजीनं काढून दिली."

"हिच्यावर काय करतेस?"

आशा पदराला हात पुसत थांबली. उत्तर साधं असतं तर तेवढा वेळ लागला नसता. "काय नाय. पोराला खेळाया."

पोरगं तीन वर्षांचं. ते आतल्या कोपऱ्यात गोधडीवर झोपलं होतं आणि त्याच्या हातापायांवर कोळशाचा एक डागही नव्हता.

"जरा पाणी देतेस?" मनीषा म्हणाली. आशा आत वळली तशी तिने पर्समधली औषधाच्या दुकानाची पावती काढली, नखाने तो तपकिरी थर तिच्यावर खरवडला आणि पावतीची घडी करून पुन्हा पर्समध्ये टाकली. पाणी आलं, ती प्यायली, बरं वाटलं म्हणाली आणि निघाली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

जीप सावळघाट चढेपर्यंत तिने स्वतःशी नाव उच्चारलं नाही. नाव तिला पडवीतच कळलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांना एक जुनाट प्रयोग होता: कोळशाच्या तुकड्यावर अनोळखी भुकटी ठेवायची, फुंकणीने दिव्याची ज्योत तिच्यावर वळवायची आणि भोवती जो थर बसेल त्याचा रंग वहीत लिहायचा. जस्ताचा थर गरम असताना पिवळा आणि गार झाला की पांढरा. शिशाचा पिवळाच राहतो. तांबूस तपकिरी थर देणारा धातू त्यांच्या यादीत एकच होता. कॅडमियम.

मनीषा नाशिकच्या 'रजतवेल' या चांदीच्या कंपनीत धातू तपासण्याचं काम करायची. सराफ बाजारात पेढी, अंबडला भट्टीची शेड, आणि गेल्या तीन वर्षांपासून पेठ तालुक्यातल्या आंबेपाड्यावर बायकांचं पैंजणकेंद्र. कंपनीचे मालक शेखरशेठ यांनी त्या उपक्रमाला 'स्वच्छ चांदी' असं नाव दिलं होतं. पाड्यावरच्या बायकांनी आसपासच्या गावांतून जुने, तुटके दागिने गोळा करायचे. ती मोड अंबडला वितळून तिची तार निघायची. तार पुन्हा पाड्यावर यायची आणि बायका तिचे पैंजण करायच्या. कंपनीच्या गुळगुळीत पत्रकावर छापलं होतं, "या चांदीसाठी कुठला डोंगर फोडलेला नाही, कुणाचा श्वास विकत घेतलेला नाही." त्याखाली मनीषाचा पांढऱ्या कोटातला फोटो, आणि फोटोखाली तिच्या सहीचं प्रमाणपत्र.

श्वासाचं ते वाक्य तिच्यामुळे आलं होतं. चांदीचा सांधा जोडायला जो मिश्र धातू वितळवून ओततात त्याला कारागीर झाळ म्हणतात. पूर्वी झाळीत कॅडमियम सर्रास घालायचे, कारण त्याने झाळ कमी उष्णतेवर पाण्यासारखी पळते. पण तापवली की त्याचा धूर होतो. तो धूर डोळ्यांना झोंबत नाही, नाकाला फारसा जाणवत नाही. तो छातीत उतरतो, मूत्रपिंडात जाऊन बसतो, आणि वर्षं गेली तरी तिथून हलत नाही. दोन वर्षांपूर्वी मनीषाने भांडून कंपनीत कॅडमियम नसलेली झाळ आणली. नियमही लिहिले. झाळकाम फक्त केंद्रावर, गॅसच्या बत्तीने, धूर ओढणाऱ्या पंख्याखाली. घरी न्यायची ती फक्त कड्या विणायची कामं.

आणि आता आशाच्या पडवीत मुद्दाम लपवलेली नाही पण मुद्दाम सांगितलेलीही नाही अशी ती ठोकळी होती.

दुसऱ्या दिवशी तिने पावतीतली भुकटी यंत्राखाली ठेवली. पडद्यावर चांदीची पहिली उंच रेघ उठली, आणि तिच्या उजव्या खांद्याला लागून दुसरी, बुटकी पण ठाम. यंत्राला चष्मा लागत नाही आणि त्याचा कुणावर रागही नसतो. तिने तीनदा मोजलं. मग कपाटातून गेल्या सहा महिन्यांत तपासलेले पैंजण काढले आणि एकेका सांध्यावर यंत्राचा डोळा रोखला. सगळे निर्मळ.

नमुने नेहमी झुंबर आणायचा.

झुंबर केंद्राचा देखरेख्या. मूळचा सायखेड्याचा, पन्नाशीचा, जीप तोच चालवायचा आणि माल तोच ने-आण करायचा. पुढच्या फेरीला मनीषा मुद्दाम त्याच्या शेजारी बसली.

"झुंबरभाऊ, माझ्याकडे तपासायला येतात ते पैंजण कुणी केलेले असतात?"

"बायकांनी. मी काय पैंजण करतो का?"

"कुठल्या बायकांनी?"

"चांगलं करणाऱ्या बायकांनी. तुमाला काय वाकडंतिकडं आणून देऊ? पोरगी दाखवायची तर घरातली देखणीच पुढं करत्यात."

"मी पोरगी बघायला बसलेली नाही. सगळ्या मालातून डोळे मिटून उचलायला सांगितलं होतं मी."

"डोळे मिटून घाट उतरू का मॅडम?" त्याने गिअर बदलला. पेठ रोडवरचं एक वळण सरलं. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मागल्या टायमाला तुमी आशाच्या घरी चा प्यायल्या. तवापासून बायका मला विचारत्यात, मॅडम काय हुडकत होत्या म्हणून. तुमी मशिनवाल्या, आमी माणसंवाले. काय असंल ते मला सांगायचं. उगा घराघरात शिरायचं नाय."

"झाळीच्या पुड्या कुठे असतात?"

"कुलपात. किल्ली ही." त्याने खिशावर थाप मारली. "उघडून बघा. एक पुडी कमी भरली तर माझी मिशी काढा."

केंद्रावर पोचताच तिने पेटी उघडायला लावली. झुंबरची मिशी शाबूत राहिली. पुड्या कमी नव्हत्या, जास्तच होत्या. शिमग्यानंतर जेमतेम निम्म्या वापरल्या गेल्या होत्या, आणि पैंजण मात्र त्याच काळात वाढले होते. मनीषा पेटीसमोर उभी राहून विचार करत राहिली. माणूस चोर असता तर पेटी रिकामी असती. स्वस्तातली झाळ आणून चांगली विकून खाणारा माणूस चांगली झाळ अशी जपून कशाला ठेवील? कुठेतरी पाणी मुरत होतं, पण ज्या भिंतीवर तिने बोट ठेवलं ती कोरडी निघाली.

तिथून तिला संशयाची सवय लागली. अंबडच्या भट्टीतूनच तर येत नसेल? पण चांदी वितळण्याच्या आतच कॅडमियम उकळून उडून जातं. तारेत ते टिकणार नाही. तार विकणारा कुणी? तार घरचीच. मग शेखरशेठ? त्यांनीच झुंबरला डोळा मारला असेल? ती जेवताना, भाजी निवडताना, गंगापूर रोडवर सिग्नलला थांबलेली असताना माणसं एकेक करून यंत्राखाली ठेवत होती. आणि दर वेळी शेवटी स्वतःला सांगत होती, अजून एक नमुना हवा. एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही हे तिला शिकवलेलं होतं. त्या शिकवणीच्या आड माणसाला किती दिवस लपता येतं, हे तिला आत्ता समजत होतं.

तिसऱ्या फेरीला ती आशाकडे सरळ गेली. आशा अंगणात नागली पाखडत होती.

"तब्येत कशी आहे तुझी?"

"बरी हाय. ताप येतो मधनंमधनं."

"कधी?"

"पहाटचा. तोंडाला गोडूस चव येती आदल्या रात्री, मग अंग भरून येतं, हुडहुडी भरती. दुपारला उतरतो. सावित्रीआजी म्हणं, बाहेरचं असंल." ती हसली आणि लगेच खोकली.

"कामाच्या रात्रीनंतर येतो का? झाळलंस त्या रात्रीनंतर?"

सूप थांबलं. आशाने तिच्याकडे असं पाहिलं की मनीषाला आपण पोलीसपाटील असल्यासारखं वाटलं.

"मी घरी झाळते असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला दिसलं."

"मग लिहा तुमच्या कागदावर. काम बंद करा." आशा उठून उभी राहिली. तिचा आवाज वाढला नव्हता. "सकाळी पाणी आणाया दोन खेपा, मग गुरं, मग पोर. केंद्र अकराला उघडतं न् चारला बंद. तीनच बत्त्या, आमी अठरा बाया. कधी झाळायचं मग? गेल्या साली पौषात आमी दिंडोरीला द्राक्षाच्या बागंवर होतो. पोराला वेलाखाली झोळी बांधून. वर फवारणी चालायची. तिथं काय फवारत्यात ते तुमी बघितलं का हो मशिनवर?"

मनीषाने ते कधीच बघितलं नव्हतं.

"हितं निदान आपल्या घरात खोकते," आशा म्हणाली. "ह्या साली पोराला अंगणवाडीत घातलंय. काम गेलं तर पंधरा दिसांत बोचकं बांधावं लागंल. तेवढं ध्यानात ठेवा."

त्या संध्याकाळी मनीषा सराफ बाजारातल्या पेढीच्या माडीवर शेखरशेठसमोर बसली आणि यंत्राचे कागद पुढे सरकवले. शेखरशेठ वाईट माणूस नव्हते. कारागीर आजारी पडला तर ते स्वतः दवाखान्यात जायचे. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"ही बारकी रेघ म्हणजे काय?"

"विष."

"ताई, तुम्ही लगेच मोठे शब्द वापरता." त्यांनी कागदावर पेपरवेट ठेवला. "बुधवारी पुण्याहून केंद्राची तपासणी आहे. परदेशातली पार्टी तिच्यावर अवलंबून. तीन वर्षांचं काम आहे. बायकांना काम मिळावं असं तुम्हालाही वाटतं ना?"

"त्या घरी झाळकाम करतात हे तुम्हाला माहीत होतं?"

शेखरशेठनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "घरी थोडीफार जोडणी होते, एवढं कानावर आहे. झाळतात का काय करतात, मी काय चुलीत डोकावायला गेलो नाही."

"झाळ कुठून येते?"

"तेच तुम्ही शोधायचं. तुमचा पगार त्यासाठीच आहे." मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "रागावू नका, पण विचारतो. मधे कुणी भेटलं होतं का तुम्हाला? मनमाडच्या त्या नव्या पार्टीला आपलं काम हवंय. बरोबर तपासणीच्या तोंडावर हे निघावं, म्हणून म्हटलं."

मनीषाने कागद गोळा केले. तेवीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. आणि गेले तीन आठवडे ती स्वतः प्रत्येकाला मनातल्या मनात हेच विचारत होती.

"बुधवार जाऊ द्या," शेखरशेठ म्हणाले. "गुरुवारपासून तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या सहीचं प्रमाणपत्र आहे तोवर आपल्याला कुणी हात लावू शकत नाही."

मनीषा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जिना उतरताना तिला वाटलं, हेच आपण पडवीतही केलं होतं.

बुधवारी ती कंपनीच्या जीपमधून गेली नाही. सकाळची पहिली एस.टी. धरून पेठ रोडच्या फाट्यावर उतरली आणि पाड्यापर्यंत चालत गेली. पाहुणे अकराला येणार होते. साडेआठ वाजले होते. पाड्यावर लगबग होती, पण सणाची नव्हती. बायका घराघरातून काहीतरी पदराखाली घेऊन गोठ्याकडे जात होत्या. मनीषा दिसताच दोघी वळून परत घरात शिरल्या.

गोठ्यात सावित्रीबाई होती. सत्तरीची, काटक. ती कोळशाच्या ठोकळ्या एका टोपल्यात रचून वर पेंढा टाकत होती. मनीषाला पाहून ती दचकली नाही.

"या मॅडमबाई. एकटीच? जीप रुसली का?"

"ठोकळ्या कुणी लपवायला सांगितल्या?"

"झुंबरनं. म्हणाला, पुण्याच्या बाईला कोळशाचा वास सहन होत नाय." ती तोंडातल्या तोंडात हसली. "तुमच्याकडं तपासाया बत्तीवर केलेलाच पैंजण न्यायचा. लबाड हाय, पण मनानं वाईट नाय. त्यो काय करंल? नवी झाळ फुंकणीवर पळतच नाय. फुंकून फुंकून गाल सुजत्यात, तार वितळून जाती, झाळ तशीच दगडावानी. मग पैंजण माघारी येतो न् बाई रडती."

मनीषाला हे ठाऊक असायला हवं होतं. नव्या झाळीला जुनीपेक्षा शंभराहून जास्त अंश उष्णता लागते, हे तिनेच लिहिलं होतं. ती कुठल्या ज्योतीवर वापरणार हे तिने विचारलं नव्हतं.

"मग पळणारी झाळ कुठून आणता? झुंबर देतो?"

"झुंबर? त्याला काय कळतंय झाळीतलं!" सावित्रीबाईने हात झटकले. "आमचा म्हातारा बारा हिवाळे नाशकाला चांदीवाल्याकडं भाता मारायचा. त्याच्याकडनं मी शिकले, न् माझ्याकडनं ह्या पोरी."

"शिकलात ते ठीक. पण झाळ आणली कुठून?"

म्हातारी तिच्याकडे नवलाने बघत राहिली, जणू मनीषा थट्टाच करत असावी.

"आणतो कुठं? तुमीच तर ठेवाया लावली."

"मी?"

सावित्रीबाई वाकून गोठ्यातून घरात गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर गोल, नीटस, ओळखीचं. "जुने सांधे. कापून वेगळे ठेवा."

मनीषाने तो डबा हातात घेतला नाही. तिला तो उघडायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचीच गोष्ट. जुन्या मोडीतल्या सांध्यांना जुनी, कॅडमियमची झाळ असते. मोड तशीच भट्टीत गेली तर अंबडच्या भट्टीवरची दोन माणसं तो धूर गिळणार. म्हणून तिनेच नियम केला: मोड पाड्यावर गोळा होते तिथेच सांधे कात्रीने कापून काढायचे, डब्यात वेगळे ठेवायचे, कंपनी ते डबे नेऊन योग्य जागी देईल. पहिल्या दोन खेपांना जीपने डबे नेले. नंतर नेले की नाही हे तिने विचारलं नाही. भट्टीवरच्या माणसांच्या तपासण्या चांगल्या आल्या आणि तिने ते प्रकरण मिटलं असं धरलं. आणि चिठ्ठीवर 'विषारी' हा शब्द लिहायचा होता, तो तिने लिहिला नव्हता. शेखरशेठ म्हणाले होते, अडाणी बायका आहेत, घाबरून काम सोडतील. तिला ते पटलं होतं.

"वेगळे ठेवा म्हणजे तुम्हाला काय वाटलं, आजी?"

"काय वाटायचं? भाताचं बियाणं आपण वेगळं ठेवतो का नाय? चांगलं, टपोरं, ते वेगळ्या कणगीत. नागलीचं तसंच. आलतू-फालतू ते कोंबड्यांला." सावित्रीबाईने झाकण उघडून बोटाने आतले करडे थेंब हलवले. "मॅडमबाईंनी सांगितलं वेगळं ठेवा, म्हणजे ह्यात काय तरी गुण असणार. म्हटलं, करून बघू. हातोडीनं चेपला, कोळशावर धरला, दोन फुंकांत पळाला. पाण्यावानी! मग म्या सगळ्या पोरींला सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं."

मनीषा पेंढ्यावर बसली. तीन आठवडे तिने ज्याला-त्याला चोर ठरवून पाहिलं होतं. या हिशेबात चोर कुणी नव्हताच. दोन माणसांचा श्वास वाचवायला केलेला नियम अठरा बायकांच्या तोंडापाशी येऊन पोचला होता, आणि वाटेत कुणीही काही वाईट केलं नव्हतं. फक्त कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांत कमी विचारलं होतं ते तिने.

"आजी, हे विष आहे," ती म्हणाली. "याच्या धुराने आशाला ताप येतो."

सावित्रीबाईचं बोट डब्यात थांबलं. तिने झाकण लावलं.

"मग तवाच का नाय सांगितलं?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जड गेलं. "आमी काय ऐकलं नसतं?"

अकराला जीप आली. शेखरशेठ उतरले, त्यांच्यामागे पुण्याहून आलेली तपासनीस. तेजस्विनी तिचं नाव. तिशीची, सुती ड्रेस, हातात लॅपटॉप. झुंबरने नारळपाणी दिलं. मनीषाला आधीच तिथे पाहून शेखरशेठच्या कपाळाला एक आठी पडली आणि लगेच मिटली.

"अरे वा, ताई आमच्याआधी हजर! एवढी निष्ठा आहे बघा आमच्या माणसांची."

तेजस्विनीने बत्त्या पाहिल्या, पंखा चालू करून त्याच्यापुढे कागद धरून पाहिला, पेटीतल्या पुड्या मोजल्या. मग सगळे केंद्राच्या सतरंजीवर बसले. बायका भिंतीकडेने, मुकाट. आशाच्या मांडीवर पोर होतं.

"तुम्ही सगळं झाळकाम इथेच करता?" तेजस्विनीने आशाला विचारलं.

"हो मॅडम. हितंच."

"घरी कधी नेत नाही?"

"नाय मॅडम. घरी फक्त इणकाम." शब्द एका ओळीत आले, शाळेतल्या कवितेसारखे. शेजारी सावित्रीबाई जमिनीकडे बघत बसली होती. झुंबर दाराशी उभा राहून बाहेरच्या जीपकडे बघत होता.

"तब्येतीची काही तक्रार?"

आशाने उत्तर देण्याआधी मनीषाकडे पाहिलं. नजर स्पष्ट होती. तिने मान अगदी थोडी हलवली, डावीकडून उजवीकडे. बोलू नका. मग ती तेजस्विनीला म्हणाली, "काय नाय. ठणठणीत हाय." आणि खोकला आला तो तिने पोराच्या डोक्यामागे दाबला.

तेजस्विनीने काहीतरी टंकलं. "छान. मग फक्त शेवटचं उरलं." तिने पत्रक उघडलं. पांढऱ्या कोटातली मनीषा वर पाहत होती. "मनीषाताई, हे कॅडमियममुक्तीचं प्रमाणपत्र तुमच्या सहीचं आहे. मला प्रत्येक घर तपासणं शक्य नाही, मी तुमच्या शब्दावरच जाते. आजही ते लागू आहे, असं धरू ना? तुम्ही फक्त हो म्हणा, मी पुढे सरकते."

"लागूच आहे," शेखरशेठ म्हणाले. "ताईंचा शब्द म्हणजे—"

"मी त्यांना विचारलं," तेजस्विनी म्हणाली.

मनीषाने समोरच्या बायका पाहिल्या. अठरा. पौष लागायला महिनाच उरला होता. ती जे बोलेल त्यानंतर यांतल्या काहीजणी बोचकी बांधतील, हे तिला दिसत होतं. ती बोलली नाही तर काय होईल हेही दिसत होतं, फक्त त्याला जास्त वर्षं लागतील आणि तेव्हा ते कुणी तिच्याशी जोडणार नाही. त्यांना लघवीच्या तपासण्या लागतील, मोठ्या बत्त्या लागतील, केंद्र पहाटे उघडावं लागेल. यातलं एकही तिच्या हातात नव्हतं. हातात होती ती एक सही.

"नाही," मनीषा म्हणाली.

शेखरशेठनी तिच्याकडे पाहिलं. आशाने डोळे मिटले.

"ते प्रमाणपत्र मी मागे घेते. इथे घरोघरी झाळकाम चालतं, त्या झाळीत कॅडमियम आहे, आणि ती या बायकांच्या हातात माझ्या नियमामुळे गेली. आजपासून कुणी घरात एकही सांधा झाळायचा नाही."